शिवणाची आठवण-चौकट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी आई नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी कित्येक वर्षं ब्लाउज शिवायची. ती गेल्यावर तिच्या पायमशीनच्या खणातलं सामान मी एका खोल चौकटीत बसवलं आणि मावशीला दिलं. मावशीकडे ज्यांनी ते पाहिलं त्यांनी ‘कसं केलं’ विचारायला सुरुवात केली, मग त्यांच्या ओळखीच्यांनी. आता तेच ते प्रश्न येतात, म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवते आहे. पहिल्यांदाच करत असाल तर सुरुवातीचे सात प्रश्न ओळीने वाचा. काम अर्ध्यात अडलं असेल तर सरळ हवा तो प्रश्न गाठा.

१. आठवण-चौकट म्हणजे काय? नुसती फ्रेमच ना ती?

फोटोची फ्रेम चपटी असते, ही पेटीसारखी खोल. पुढे काच, आत कापडाचा पाया आणि त्या पायावर शिवणकामाच्या खऱ्या वस्तू: बॉबिन (मशीनच्या खालच्या दोऱ्याची छोटी फिरकी), रीळ, बटणं, टिचबटणं, कापडाचे तुकडे, मापाचा कागद, एखादा फोटो. कापड, कागद, धातू, लाकूड सगळं एकत्र नांदतं म्हणून हिला मिक्स्ड मीडिया म्हणतात. फ्रेमच्या दुकानात ‘बॉक्स फ्रेम’ म्हटलं की कळतं.

ही भेट एका विशिष्ट माणसाची असते. शिवणाच्या चित्रांचे तयार लाकडी तुकडे आणून लावले तर चौकट देखणी होईल, पण ती कोणाच्याही घरी चालेल अशी होईल. म्हणून निदान निम्म्या वस्तू त्या माणसाच्या हाताखालून गेलेल्या हव्यात, एवढा एक आग्रह मी प्रत्येकाजवळ धरते.

२. ताई, मला बटण लावण्यापलीकडे शिवण येत नाही. तरी जमेल का?

जमेल. बटण लावता येतं म्हणजे वस्तू पायावर शिवता येते. त्याला साधा धावदोरा आणि न सुटणारी गाठ जोडा, बस. मशीन लागतच नाही.

३. डबाभर सामान आहे. त्यातलं काय घ्यायचं?

जमिनीवर पांढरी चादर पसरा आणि डबा त्यावर पालथा करा. मग तीन ढीग करा. पहिला, त्या माणसानं रोज हातात धरलेल्या वस्तूंचा. दुसरा, त्यानं स्वतः शिवलेल्या कापडाचा, मग ती नुसती तुरपाई असो की फसलेलं काज. तिसरा, त्याच्या अक्षराचा. प्रत्येक ढिगातून दोन-तीन वस्तू उचला. एकूण सात ते नऊ पुरतात. त्याहून जास्त झाल्या की डोळा कुठेच थांबत नाही.

निवडताना नवी-कोरी वस्तू आणि झिजलेली वस्तू समोर आली तर झिजलेली घ्या. आईच्या डब्यात निळ्या खडूची अख्खी, न वापरलेली वडी होती आणि एक तुकडा होता नखाएवढा, एका अंगाला धारदार झालेला, दुसऱ्या अंगाला अंगठ्याच्या दाबानं खळगा पडलेला. तो खळग्याचा तुकडा मी चौकटीच्या मधोमध ठेवला. मावशीनं चौकट हातात घेतल्यावर सगळ्यात आधी त्याच्यावरच बोट ठेवलं, काचेवरून.

४. नागपुरात सामान कुठे मिळेल?

पायाचं मांजरपाट आणि अस्तराचं कापड गांधीबागेत. बटणं, लेस, हुक, दोरे इतवारीत घाऊक मिळतात. पण दोन बटणांसाठी घाऊक दुकानदाराचा वेळ खाऊ नका, त्यासाठी बर्डीवरची किरकोळ दुकानं बरी. फोम बोर्ड (दोन कागदांमध्ये फोम असलेला हलका पुठ्ठा), अ‍ॅसिड-फ्री (आम्ल नसलेला) कागद हे चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात विचारा.

लाकडी रिळं नवी शोधत फिरू नका, दोरा आता प्लॅस्टिकच्या किंवा पुठ्ठ्याच्या रिळांवर येतो. गल्लीतल्या जुन्या टेलर मास्टरांना विचारा. एखादं लाकडी रीळ त्यांच्या खणात निघतं, आणि कशासाठी हवं ते सांगितलं की ते मनापासून देतात. मात्र ते रीळ ‘आजीचं’ म्हणून चौकटीत लावू नका. मागच्या चिठ्ठीत ते कुठून आलं ते लिहा (प्रश्न १९).

५. चौकट केवढी आणि किती खोल घ्यायची?

सामान मांडून झाल्यावरच माप घ्या, आधी नाही. सगळ्यात उंच वस्तू मोजा आणि त्यात किमान एक सेंटिमीटर मिळवा. घरगुती मशीनचं बॉबिन आडवं ठेवलं तर साधारण सव्वा सेंटिमीटर जागा घेतं, चाकासारखं उभं केलं तर दोन. लाकडी रीळ आडवं ठेवलं तरी तीनच्या पुढे जातं. सात-नऊ वस्तूंसाठी १२ × १५ इंच आणि आत दोन इंच खोली मला सोयीची वाटते.

फ्रेमवाल्याला ‘आतली खोली दोन इंच’ असं कागदावर लिहून द्या. नुसतं ‘दोन इंची’ म्हटलं तर तो बाहेरून मोजतो, आणि काच, पाया, मागचा पुठ्ठा यात पाऊण इंच जातो. काच आणि वस्तू यांच्यात मोकळी जागा राहावी म्हणून आत चारही बाजूंनी पट्टी बसवायला सांगा. पावसाळ्यात काचेच्या आतून ओल धरते. कापड किंवा फोटो काचेला टेकलेला असेल तर तो तिथेच डागाळतो, फोटो तर काचेलाच चिकटून बसतो.

६. पाया कसा तयार करू?

मांजरपाट आधी साध्या पाण्यात धुऊन वाळवा. त्यातली खळ निघून जाते आणि काय आटायचं ते आधीच आटतं. खळ राहिली तर तिच्यावर कसर येते, म्हणून ही पायरी गाळू नका. मग इस्त्री करून पाच मिलिमीटरच्या फोम बोर्डवर ताणा. कापड चारही बाजूंनी दोन-दोन इंच मागे वळवा आणि मागच्या बाजूनं मजबूत दोऱ्यानं समोरासमोरच्या कडा ओढून बांधा, आधी आडव्या मग उभ्या, बाजेची दोरी ताणतो तशा. चिकटवलेलं कापड पुढे सैल पडलं तर परत ताणता येत नाही. हे दोरे सोडून पुन्हा आवळता येतात.

घरी एमडीएफची फळी पडलेली असेल तर चालेल, पण कापड थेट तिच्यावर नको. त्या फळीतून हळूहळू निघणाऱ्या आम्लानं कापड पिवळं पडतं. मध्ये अ‍ॅसिड-फ्री कागद घाला. शिवाय फळीतून सुई जात नाही, प्रत्येक टाक्यासाठी बारीक गिरमिट लागतं. फोम बोर्डला टोच्या पुरतो.

७. वस्तू चिकटवायच्या की शिवायच्या?

शिवायच्या. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

माझी दुसरी चौकट मी ग्लू गननं केली होती. एका काकूंच्या साठीची भेट, हातात दोन संध्याकाळी, आणि ग्लू गननं काम झटकन होतं. मार्चमध्ये दिली. मे महिन्यात काकूंच्या पश्चिमेच्या भिंतीवर, दुपारच्या उन्हात, कात्री सुटून खाली आली आणि येताना दोन बटणं व फोटोचा कोपरा घेऊन आली. गरम करून वितळवलेला गोंद उष्णतेनं परत मऊ होतो, आणि आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा उन्हातल्या भिंतीवरच्या बंद काचेच्या पेटीत त्याहून जास्त तापतं. बंद गाडीतून नेली तर विचारूच नका. काकू काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्या सासूबाईंच्या त्या कात्रीच्या मुठीवर गोंदाचा पिवळा थर राहिला. खरवडताना वरचा काळा रंगही निघाला. तो परत आणता आला नाही.

टाका उष्णतेनं सुटत नाही. आणि उद्या कोणाला ती वस्तू बाहेर काढावीशी वाटली तर दोरा कापला की ती जशी होती तशी हातात येते.

बॉबिन मधल्या भोकातून शिवा. रिळाला भोकातून दोरा ओवून दोन टोकं पायामागे गाठा. कात्रीला दोन्ही मुठींभोवती आणि पात्याच्या मध्यावर असे तीन ठिकाणी फास हवेत, प्रत्येकी चार-पाच वेढ्यांचे. खडूचा तुकडा, अंगुस्तान (सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची टोपी) अशा भोक नसलेल्या वस्तूंना जुन्या नेटच्या कापडाची छोटी पिशवी करा आणि पिशवीच्या कडा शिवा, आतली वस्तू आरपार दिसते. दोरा नवा, मजबूत पॉलिस्टरचा घ्या. डब्यातल्या जुन्या सुती रिळांचा दोरा दाखवायला छान, वजन पेलायला नाही. दोन हातांत धरून ओढा, तटकन तुटेल.

कागदाला मात्र टाके घालू नका, भोकांच्या ओळीवर तो फाटतो. त्याच्या कोपऱ्यांना कागदाचेच चार खिसे करा.

८. झटपट चिकटणारा गोंद तरी चालेल ना? एकच थेंब?

नाही. सायनोअ‍ॅक्रिलेट जातीचा तो गोंद सुती कापडावर किंवा दोऱ्यावर पडला की जोरात तापतो. जास्त पडला तर धूर येतो, बोट भाजतं. वर त्याच्या वाफेनं काचेवर आणि धातूवर पांढुरकी साय धरते.

९. आईचा मशीनवर बसलेला जुना फोटो आहे. तोच लावू का?

मूळ फोटो लावू नका. स्कॅन करून मॅट कागदावर प्रिंट काढा आणि मूळ फोटो पाकिटात घालून कपाटात ठेवा. उजेडात रंग उडणारच आहेत. प्रिंटचे उडाले तर नवी काढता येते.

फोटो कापडावर उतरवायचा असेल तर लेझर प्रिंट घ्या. फोटो उतरवायला जे ओलं माध्यम लावतात त्यानं इंकजेटची शाई पसरते. आणि प्रिंट आरशातल्यासारखी उलटी काढा, नाहीतर फोटोतल्या दुकानाच्या पाटीवरची अक्षरं उलटी येतील आणि आईचा पदर दुसऱ्या खांद्यावर जाईल.

१०. आजीची साडी आहे, पण कापायची हिंमत होत नाही. काय करू?

मग कापू नका. हिंमत होत नसेल तर ते मनावर घ्या, कारण कापलेलं जोडता येत नाही.

पर्याय आहेत. साडीचं आतलं, खोचायचं टोक पाहा. तिथलं कापड बरेचदा साधं असतं, उजेड कमी लागल्यामुळे रंगानं ताजं असतं, आणि चार इंच काढले तरी साडी नेसता येते. जुना फॉल निघाला असेल तर तो वापरा; त्यावरची तुरपाई आजीच्याच हातची असू शकते.

मला सगळ्यात आवडणारी जागा वेगळी आहे. आजीचा एखादा ब्लाउज असेल तर तो उलटा करा. कुशीच्या शिवणीत आत दुमडलेलं जास्तीचं कापड असतं, पुढे अंग भरलं तर उसवून ढिला करता यावा म्हणून ठेवलेलं. त्याला शिवणकामात मायाच म्हणतात. या मायेला ऊन लागलेलं नसतं, म्हणून ब्लाउज बाहेरून विटून गेला तरी आत त्याचा पहिला रंग जिवंत असतो. एकीनं पाठवलेल्या ब्लाउजच्या बाहेर फिकट विटकरी रंग होता. मायेत तो गर्द डाळिंबी निघाला, आणि तिला आठवलं की आजी लग्नाच्या फोटोत डाळिंबी ब्लाउजातच आहे. दोन बोटं रुंदीची पट्टी काढली, शिवण पूर्ववत घातली. ब्लाउज अजून अख्खा आहे.

साडी आधीच जीर्ण असेल, जुनेर झाली असेल, तर काठाजवळचा मजबूत तुकडा घ्या आणि त्याला मागून अस्तर लावा. तिघी बहिणींची मिळून एकच साडी असेल तर आधी प्रश्न १७ वाचा.

११. जुनं कापड धुवायचं का?

आधी रंग तपासा. पांढरा ओला बोळा शिवणीच्या आतल्या बाजूला मिनिटभर दाबून धरा. बोळ्यावर रंग आला तर धुऊ नका, झटकून सावलीत हवा द्या. आला नाही आणि कापड सुती असेल तर रिठ्याच्या पाण्यात बुडवा, चोळू नका, पिळू नका, टॉवेलवर आडवं पसरा. जरीच्या कापडाला पाणी लावू नका. आणि शेवटी खळ घालण्याचा मोह टाळा (कारण प्रश्न ६ मध्ये आहे).

डाग? हळदीचा, तेलाचा डाग असेल तर मी ठेवते. ज्यांना भेट द्यायची त्यांना डाग ओळखीचा असतो.

१२. सुया-टाचण्या गंजून कापडावर डाग पडले. कसं टाळायचं?

गंजाचा डाग पडल्यावर काढणं अवघड, म्हणून आधीच काळजी घ्या. सुई-टाचणी स्पिरिटनं पुसा, हाताचा घाम राहू देऊ नका, आणि पारदर्शक नेलपॉलिशचे दोन पातळ हात द्या. पूर्ण वाळल्यावरच कापडात घाला. आधीच गंजलेली असेल तर सुक्या ब्रशनं सुटी भुकटी काढा, मग नेलपॉलिश, आणि कापडात न टोचता जाड कागदाच्या पट्टीत खोवून ती पट्टी पायाला शिवा.

पावसाळ्याची ओल सगळ्यांना माहीत असते. नागपूरकरांनी कूलरही लक्षात ठेवावा. एप्रिल-मेमध्ये बाहेर हवा कोरडी ठणठणीत असते, पण घरात कूलर दिवसभर ओली हवा फेकतो, आणि त्याच्या समोरच्या भिंतीवर चौकट असेल तर भर उन्हाळ्यात टाचण्या गंजतात. चौकट त्या भिंतीवरून हलवा. मागच्या पुठ्ठ्याच्या आत सिलिका जेलची पुडी चिकटपट्टीनं लावा आणि दरवर्षी पावसाळा संपला की बदला.

१३. पितळी वस्तू चकचकीत घासून लावू का?

मी घासत नाही. चिंचेनं किंवा पावडरनं पितळ सोन्यासारखं होतं खरं, पण अंगुस्तानाच्या खाचांत अडकलेली पावडर नंतर हिरवी पडते आणि बोटाच्या जागेवरची झिजलेली चमक इतर चमकेत हरवते. मऊ सुती कापडानं पुसा. घासायचंच असेल तर नंतर पाण्यानं स्वच्छ धुऊन खाचांतून पूर्ण वाळवा.

१४. जुनी मेजरिंग टेप चिकट झाली आहे. लावली तर?

पीव्हीसीची टेप जुनी झाली की तिच्यातला मऊपणा देणारा द्रव बाहेर येतो. तो फोटोला, छापील कागदाला आणि प्लॅस्टिकच्या बटणांना लागतो. लावायचीच असेल तर काही इंचांचाच तुकडा घ्या, खाली पॉलिस्टर फिल्म ठेवा, फोटोपासून लांब. कापडी टेप असेल तर काही अडचण नाही. इलॅस्टिक आणि रबराच्या वस्तू आत घेऊच नका, त्या चिकट होतात किंवा तुकडे पडतात.

१५. मापाची वही आहे. पान फाडून लावू का?

वही फाडू नका, पानाची रंगीत झेरॉक्स काढा. मापाची वही ही घरच्या शिंपिणीची सगळ्यात बोलकी वस्तू आहे असं मला वाटतं. आईच्या वहीत एका पानावर आहे: ‘छाती ३४, कंबर ३०, उंची १४, मुंढा ७½, बाही ६, मागचा गळा ९, दोरी’, आणि खाली बारीक अक्षरात, ‘बाही घट्ट नको, हात दुखतो.’ ही शेवटची ओळ मापात बसत नाही, तरी तिनं ती लिहिली होती.

पण ही मापं दुसऱ्या बायकांच्या शरीराची आहेत. नाव, फोन नंबर, पत्ता झाकूनच झेरॉक्स काढा. ज्यांना भेट द्यायची त्यांचंच माप वहीत सापडलं तर तेच पान निवडा, त्याहून चांगलं काही मिळणार नाही.

१६. आजीचं अर्धवट शिवलेलं झबलं सापडलं, सुई तशीच टोचलेली. पूर्ण करून लावू का?

हा प्रश्न मला तीन जणींनी विचारला आहे, आणि प्रत्येकीला थांबून विचार करूनच उत्तर दिलं.

चौकटीत लावायचं असेल तर पूर्ण करू नका. जिथे टाका थांबला तिथेच तो दिसू द्या. फक्त सुईचं काम आधी करा: जशी आहे तसा जवळून फोटो काढा, सुई कोणत्या दोन टाक्यांमध्ये, किती आत आहे ते बघून ठेवा, मग दोरा न ओढता सुई अलगद काढा. ओवलेला दोरा सुईच्या नाकातून (नेढ्यातून) काढू नका. प्रश्न १२ मध्ये सांगितल्याप्रमाणे नेलपॉलिश लावा, दोऱ्याला लागू न देता. वाळल्यावर त्याच भोकांतून परत घाला. घाई केली तर जुना दोरा नाकाशीच तुटतो, म्हणून हे काम दिवसा, खिडकीजवळ करा.

अपवाद एकच. झबलं ज्या बाळासाठी घेतलं होतं ते बाळ आलं असेल आणि त्याच्या अंगाला अजून बसत असेल, तर पूर्ण करा आणि घाला त्याला. आजीनं ते काचेत ठेवायला शिवायला घेतलं नव्हतं. उरलेलं काम किंचित वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं करा, म्हणजे तिचा हात कुठे संपला आणि तुमचा कुठून सुरू झाला ते दिसत राहील. बाळाला आखूड झालं की मग चौकट करा.

१७. आम्ही तीन बहिणी. आईची कात्री एक, साडी एक. कोणाच्या चौकटीत काय?

साडीचे तुकडे वाटता येतात, कात्री नाही. ज्या बहिणीला शिवण येतं तिच्याकडे कात्री जाऊ द्या, चौकटीत नाही तर वापरात. बाकी दोघींनी तिच्या पात्यांची बाह्यरेषा कापडावर पेन्सिलनं काढून त्यावर आईच्याच दोऱ्यानं धावदोरा घालावा. कापडावर उतरलेली ती कात्री फार सुंदर दिसते. साडी कापण्यापूर्वी तिघींनी एकत्र बसा. फोनवर ठरवू नका. एकीचाही जीव धजत नसेल तर साडी ठेवा, आणि आईच्या ब्लाउजांमधून माया काढून तीन पट्ट्या करा (प्रश्न १०).

१८. ताई, माझी आजी अजूनही शिवून राहिली. तिचं सामान कसं घेऊ?

रोजच्या वापरातलं काही घेऊ नका. तिची कात्री, तिची बॉबिनं, तिची टेप तिलाच हवी. संपलेली रिळं, तुटलेली सुई, घासून गेलेला खडू, कतरणं असं जे ती टाकून देणार आहे तेच गोळा करा. दर आठवड्याला एक डबी. आणि तिलाच एक टाका मागा: मांजरपाटाचा हातभर तुकडा द्या आणि म्हणा, साखळी टाका शिकव. तुम्ही शिकलेली वाकडी ओळ आणि तिची सरळ ओळ शेजारी शेजारी लावा.

१९. मागे काय लिहू? मशीनचं साल माहीत नाही.

वस्तू कोणाची, कुठून आली, कोणी बसवली आणि कधी, एवढं पेन्सिलनं किंवा न पसरणाऱ्या शाईनं अ‍ॅसिड-फ्री कागदावर लिहा आणि मागे पाकिटात ठेवा. साल अंदाजानं लिहू नका; पुढची पिढी ते खरं धरते. मशीन सिंगरची असेल तर तिच्यावर कोरलेला क्रमांक बघा. १९०० पासूनच्या यंत्रांवर आकड्यांच्या आधी इंग्रजी अक्षर किंवा अक्षरं असतात, आणि कंपनीच्या नोंदींवरून त्या क्रमांकाचं साल शोधता येतं. इतर मशीनचं पावतीवरूनच कळलं तर कळलं.

२०. सुई आणि कात्री भेट देऊ नये म्हणतात. मग?

आमच्याकडेही तिन्हीसांजेला सुई देत नाहीत, आणि धारदार वस्तू भेट दिली तर नात्यात अंतर येतं असं मानतात. ज्यांना द्यायची त्या मानत असतील तर त्यांच्या मनाचा मान ठेवा. रीत सोपी आहे: घेणाऱ्यानं एक रुपया द्यायचा, म्हणजे वस्तू विकत घेतली असं होतं. तो रुपया मी मागच्या पाकिटात चिठ्ठीसोबत ठेवते.

घरात लहान मुलं असतील तर सुईचं टोक मेणाच्या थेंबात किंवा बुचाच्या तुकड्यात बसवा.

२१. आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते. शिवणाऐवजी विणकामाची चौकट करता येईल का?

अवश्य करा. जमशेटजी टाटांची ही गिरणी १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली आणि नागपुरातल्या कितीतरी घरांची चूल तिच्यावर पेटली. आज तिच्या जागेवर मॉल उभा आहे, म्हणून घरात उरलेली एखादी कांडी (सूत गुंडाळायची नळी) किंवा मिलचा पास जपण्यासारखाच. कोष्ट्यांच्या म्हणजे विणकरांच्या घरांमध्ये हातमागाचा धोटा (आडवं सूत इकडून तिकडे नेणारं लाकडी साधन) असू शकतो. धोटा लांब आणि जड असतो, टोकांना धातू असतो. त्याच्यासाठी उभ्याऐवजी आडवी चौकट घ्या, खोली अडीच-तीन इंच, आणि पाया फोम बोर्डऐवजी प्लायचा. धोट्याला दोन्ही टोकांजवळ सुती नाडीचे फास घाला. धोट्यात कांडी असेल आणि तिच्यावर सूत असेल तर ते उकलू नका, सुटं टोक फक्त एका टाक्यानं अडकवा.

२२. एकूण किती दिवस धरायचे?

तीन आठवडे. निवडायला एक, फ्रेमवाल्याला एक, शिवायला एक. भाऊबीज किंवा लग्नसराईच्या तोंडावर फ्रेमवाल्याकडे गर्दी असते, तेव्हा चार.

२३. पुण्याला पाठवायची आहे, काच फुटेल का?

लांबच्या प्रवासासाठी काचेऐवजी पारदर्शक अ‍ॅक्रिलिक शीट लावून घ्या. हलकं असतं, फुटून वस्तूंमध्ये तुकडे जात नाहीत. स्थिर विजेमुळे सुटे धागे त्याला चिकटतात तेवढे कापून टाका. पाठवण्याआधी चौकट पालथी करून हळू हलवा. काही खुळखुळलं तर उघडून एक टाका वाढवा. विमानानं नेणार असाल तर आत सुया-कात्री असलेली चौकट हातातल्या सामानात घेऊ नका, चेक-इनच्या बॅगेत कपड्यांमध्ये गुंडाळून ठेवा.

२४. आत डांबरगोळी टाकली तर कसर येणार नाही ना?

डांबरगोळीच्या वाफेनं काही प्लॅस्टिक मऊ पडतात, आणि जुनी बटणं कशाची आहेत ते आपल्याला कळत नाही. कडुनिंबाचा पाला सुकून चुरा होतो. खळ काढलेलं, पूर्ण वाळलेलं कापड आणि चारही बाजूंनी घट्ट बसलेला मागचा पुठ्ठा हाच खरा बंदोबस्त. पुठ्ठ्याच्या कडांना कागदी चिकटपट्टी लावा.

२५. पैसे घेऊन करून द्याल का?

नाही. तुमच्या घरातल्या डब्यातली कोणती वस्तू मोलाची हे मला बाहेरून कळणार नाही. अडलात तर फोटो पाठवा, उत्तर नक्की देईन.

२६. एकदा बंद केली की पुन्हा उघडायची गरज पडते का?

पडते. मी माझी दरवर्षी खंडेनवमीला उघडते, कारण त्या दिवशी आईची मशीन पुजायला बाहेर काढतेच. पावसाळा नुकताच संपलेला असतो, म्हणजे ओल शिरली असेल तर लगेच दिसते. सिलिका जेलची पुडी बदला, टाचण्यांभोवती पिवळी कड आली आहे का बघा, कात्रीचे फास बोटानं ओढून बघा, पायामागचे दोरे सैल झाले असतील तर आवळा. एखादा फास बदलावा लागला तर जुना दोरा टाकून देऊ नका. गुंडाळून, तारीख लिहून मागच्या पाकिटात घाला.